लागलं का?

यशवंतचा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. तो जागेवरून सुटला तो दिवस मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, माईकवरून साऱ्या चिचगडला ऐकवला आहे. तेव्हा मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला लागली की कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन करायचो. मास्तरकी पोटासाठी होती, माईक जिवासाठी. बायको म्हणायची, तुमच्या तोंडाला विश्रांती फक्त झोपेत. तेही खरं नव्हतं, मी झोपेतही बडबडायचो.

ही नव्याण्णव सालची गोष्ट. चिचगड विरुद्ध केशोरी, शेवटची तीन मिनिटं, आम्ही दोन गुणांनी मागे. यशवंत चढाईला गेला तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. लाकूड डेपोत ओंडके वाहणारा वीस-एकवीस वर्षांचा मजूर, एवढीच त्याची माहिती. केशोरीच्या हिवराजनं त्याचा घोटा धरला. हिवराजच्या हातात सापडलेला पाय सुटला असं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. बाकीचे चौघं वर पडले. एकानं केस धरायला हात घातला, केस आखूड, हाताला कान आला. त्या पाचही जणांना ओढत यशवंत मध्यरेषेकडे सरकायला लागला. कान फाटत होता, मानेवरून रक्त बनियनमध्ये उतरत होतं, पण तोंडातलं ‘कबड्डी कबड्डी’ तुटलं नाही. रेषा हातभर राहिली तेव्हा त्यानं अंग झोकलं. त्याचा गुडघा हिवराजच्या खांद्यावर आला आणि कट्ट असा आवाज झाला. मला तो माईकपाशी ऐकू आला.

मी ओरडलो, “केशोरीचं कुलूप तुटलं! चिचगडचा चित्ता पिंजऱ्याबाहेर!”

चिचगड आणि चित्ता, शब्दाला शब्द जुळला म्हणून मी स्वतःवर खूश होतो. लोकांनी टोप्या उडवल्या. हिवराज मातीत तोंड घालून विव्हळत होता. यशवंत कान हातानं दाबून त्याच्यावर वाकला आणि म्हणाला, “लागलं का?”

हिवराज त्याच्या तोंडावर थुंकला. यशवंतनं दंडानं तोंड पुसलं, त्याला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्यात नेऊन पोचवलं. मग कंपाउंडरनं ह्याचा कान शिवला, घाईत शिवला, तो तसाच खाली राहिला. हिवराजचं हाड जुळलं पण वाकडं, आणि त्याची कबड्डी संपली.

त्या एका चढाईनं यशवंतचा चित्ता झाला. मी पुढच्या प्रत्येक गावात ते नाव माईकवरून इतकं घोकलं की पोरं भिंतीवर कोळशानं चित्ता काढायला लागली. देवरीपासून अर्जुनीपर्यंत सामन्याचं नुसतं पत्रक निघालं की बायाबापड्या विचारायच्या, “चित्ता येऊन राहिला का?” एरवी कबड्डीला बाया कशाला येतात? पण चार बांबू रोवून, दोरी बांधून बायकांची वेगळी बाजू करावी लागली. धानाच्या रोवण्याला गेलेल्या पोरी चिखलात वाकून त्याच्या नावानं एकमेकींना चिडवायच्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आणि चिठ्ठ्या यायच्या. खेळाडूंच्या पिशवीत, बुटात, एकदा तर केळ्याच्या सालीत. यशवंत चौथीतून सुटलेला, अक्षर लावून वाचायला त्याला दिवस लागायचा, म्हणून त्या घेऊन तो माझ्याकडे यायचा. मी ऐटीत मोठ्यानं वाचायचो. तो भिंतीला टेकून, पाय पसरून, खाली मान घालून ऐकायचा. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण चार वर्षांत हा बाबा त्यातल्या एकाही पोरीशी एक पुरतं वाक्य बोलला नव्हता.

एका चिठ्ठीनं तर कुऱ्हाड आणली. ती लिहिणारीचं लग्न ठरलं होतं, आणि तिचा होणारा नवरा सायकलवर कुऱ्हाड लावून डेपोत आला. यशवंत ओंड्यावर बसून भाकर खात होता. पहिला घाव त्यानं चुकवला, तो ओंड्यात रुतला. यशवंतनं त्या माणसाला गचांडी धरून दोन फूट उचलला, खाली आपटला, वर पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. मग कुऱ्हाड उपसली आणि त्याच्या सायकलची सीट, हँडल, दोन्ही चाकं शांतपणे तोडून ठेवली. तोंडातला घास गिळून म्हणाला, “लागलं का?” आणि उरलेली अर्धी भाकर त्याच्यापुढे केली. त्या माणसानं ती खाल्ली, असं डेपोतले लोक सांगतात. राग यशवंतच्या अंगात झऱ्यासारखा यायचा आणि तसाच ओसरायचा, पण आला तेवढ्या वेळात समोर जे असेल त्याचं भलं नसायचं.

चिचगडात देवाजीचं सलून होतं. आरशाच्या वर एका सिनेनटाचा फोटो, आणि खाली कायम एक वाद चालू. ह्या नटांच्या मागे इतक्या पोरी लागतात त्या कशानं? माझं मत ठाम होतं, नावानं. नाव काढून घ्या, उद्या त्याच्याकडे कुत्रं बघणार नाही. देवाजी कैचीचा आवाज करत म्हणायचा, “गुरुजी, नाव तं पुढाऱ्याचंबी असते. त्याच्या मांगं काऊन नाई लागत पोट्ट्या? हे कसब हाये. केस कसे फिरवाचे, हसाचं कवा, पाहाचं कवा, हे शिकाव लागते.” नाव तयार करणारा मी आणि केस तयार करणारा तो, तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या धंद्याची बाजू घेतली होती, हे उघड आहे. पण तेव्हा आम्हाला ते तत्त्वज्ञान वाटायचं.

देवाजीचं म्हणणं, चित्त्याला त्यानंच घडवला. चढाई करून आल्यावर मिशीवरून अंगठा फिरवायचा, मग बायकांच्या बाजूला एकदाच बघायचं, दुसऱ्यांदा नाही, हे त्यानं यशवंतला आरशापुढे बसवून शिकवलं होतं. हे खरं होतं. पण पाडलेल्या गड्याला उचलून ‘लागलं का?’ विचारणं, ज्यावर बायका जीव टाकायच्या, तेही मीच शिकवलं, असं तो ठोकून द्यायचा. मी म्हणायचो, शिकवलेलंच आहे, पण ते मोठं करून सांगतो कोण? मी. यशवंत खुर्चीत गळ्याभोवती कापड बांधून बसलेला असायचा. त्याला कुणी विचारत नव्हतं.

एक दिवस चिठ्ठी वाचून झाल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, हे सारं चित्त्याले लिवलं हाये. यशवंतले एखादी तरी आली का?”

मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही.

मग आमची पैज लागली. सीमेपलीकडे, छत्तीसगडात, एका गावच्या मंडईला जायचं. तिथं चित्त्याला कुणी ओळखत नाही. यशवंतनं एका पोरीला पाच मिनिटं बोलती ठेवली तर कसब जिंकलं, मी माईकवरून देवाजीच्या सलूनची वर्षभर जाहिरात करायची. नाही जमलं तर नाव जिंकलं, देवाजीनं तो नटाचा फोटो उतरवायचा. यशवंत फक्त एवढंच म्हणाला, “चला. मलेबी पाहाचं हाये.” मी त्याला जाताना जीपमध्ये एक शुद्ध वाक्य पाठ करून दिलं. देवाजीनं मिशीला तेल लावलं.

बांगड्यांच्या दुकानापाशी एक पोरगी उभी होती, कमरेवर पाणी भरायचा नवा कोरा पितळी गुंड. यशवंत जवळ गेला, मिशीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “आपलं नाव काय म्हणालात?”

ती मराठीच निघाली. म्हणाली, “मी कुठी काय म्हणली?”

बांगडीवाली हसली, बाजूच्या बाया हसल्या. यशवंत तसाच उभा, कान लाल. पुढचं वाक्य मी पाठ करून दिलंच नव्हतं. पैज हरल्याच्या तिडकीत देवाजी मागून चारचौघांत बोलला, “अबे, ग्राउंडच्या बाहेर तू कोन हायेस बे?”

यशवंतनं वळून त्याच्या तोंडावर ठोसा दिला. देवाजीचे समोरचे दोन दात मातीत पडले. भर मंडईत परका माणूस मारामारी करतो म्हटल्यावर गावची पोरं धावली. “बाहिर के मनखे हे, मारो साले ला!” सात-आठ जण होते. एकानं पाठीत काठी घातली, एकानं मुरमुऱ्याच्या गाड्यावरचं वजन उचलून डोक्यात मारलं. मी आणि देवाजी एका बैलगाडीखाली शिरलो, हे लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, हा आता चार-दोघांना लोळवतो. पण तो खाली पडला आणि पडून राहिला. मार खात राहिला. मला नंतर कळलं, त्या वेळी तो स्वतःला तोच प्रश्न विचारत होता, मी कोण?

मारणाऱ्यांतला एक अचानक कपाळ धरून खाली बसला. त्या पोरीनं गुंड फिरवला होता. दुसऱ्याच्या मनगटावर बसला, तिसरा मागे सरला. “एकट्यावर आठ जन? थू तुमच्या जिंदगीवर.” तिच्या मावशीचं गाव होतं ते, पोरं तिला ओळखत होती, पांगली. गुंडाची कड दुमडून तिच्या तळव्यात घुसली होती, मनगटावरून रक्त वाहत होतं. यशवंतचा एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्या डोळ्यानं त्यानं तो हात पाहिला आणि पडल्यापडल्या विचारलं, “लागलं का?”

ती बघतच राहिली. मग त्याच्या शेजारी मातीत बसली, आणि पाच मिनिटं कसली, पाऊण तास बोलली. पैज कोण जिंकलं हे देवाजीला किंवा मला ठरवता आलं नाही. देवाजी तोंडाला फडकं लावून होता आणि मी अजून बैलगाडीखालीच होतो.

तिचं नाव मालता. राहणारी केशोरीची. दोघंही बौद्ध समाजातले, दोघांची घरं सारखीच, अडायला काही नव्हतं. वर्षभर ते भेटत राहिले, कधी नवेगावच्या बसथांब्यावर, कधी तिच्या मावशीकडे. त्यानं तिला सांगितलं, मी यशवंत, लाकूड डेपोत मजूर. तिला तेवढं पुरलं. त्या वर्षात तो माझ्याकडे चिठ्ठ्या घेऊन आला नाही. आल्या की चुलीत टाकायचा.

आणि एका संध्याकाळी आला तो घामानं भिजलेला. “गुरुजी, तिचा भाऊ कोन हाये मालूम हाये? हिवराज. तो वाकडा खांदा वाला. घरी चित्त्याचं नाव निघालं का तिची माय चुलीवर पानी ओतते म्हंते. त्यायच्या घरच्या बाया तवापासून कबड्डी पाहाले गेल्याच नाई, म्हून तिनं मले वळखलं नाई. अना मी तिच्यासंगं सालभर बसून राहिलो.”

“मग सांगून टाक तिला,” मी म्हणालो.

“सांगतो. पन पयले हिवराजच्या पायावर डोस्कं ठेवतो. आंधी माफी, मंग नाव. नाव आंधी गेलं तं सारं गेलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मंडईच्या दिवशी सामना झाला का तुमी माह्यासंगं त्यायच्या घरी चलजा. मोठा मानूस म्हून. अना तवापर्यंत माहं नाव तोंडातून काढजा नोको.” त्याची एक म्हण होती, चढाईची, पण तो ती कुठंही वापरायचा, “आंधी पाय, मंग तोंड.” जाताना त्यानं ती मला ऐकवली. “तुमचं तोंड आंधी चालते गुरुजी.”

मी त्याला शब्द दिला.

केशोरीची मंडई म्हणजे पाहुण्यारावळ्यांनी घरं भरलेली, लग्नाची बोलणी ह्याच दिवशी. सामन्याचा माईक माझ्याकडे होता. यशवंत खेळणार नव्हता. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, कान झाकून, पुरुषांच्या गर्दीत मागच्या रांगेत बसला होता. बायकांच्या दोरीपलीकडे मालता होती. तिनं पिवळा दुपट्टा घेतला होता आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती. मला मंडपातून दोघंही दिसत होते. हिवराज खांबाला टेकून उभा होता, खांदा एका बाजूला उतरलेला.

सामना रटाळ झाला. लोक उठायला लागले. आणि माझं तोंड, चालायला लागलं की ते माझंही ऐकत नाही. उठून जाणारी गर्दी मला कधीच सहन झाली नाही. मी नुसतं म्हणालो, “थांबा मंडळी. आज आपल्यात कोण बसलंय, माहीत आहे का?” एवढ्यावर थांबता आलं असतं. लोक वळले. त्या वळलेल्या तोंडांसाठी मी यशवंत विकला. “दुपट्टा काढा भाऊ, कान दाखवा. चिचगडचा चित्ता, केशोरीच्या मातीवर!”

पोरांनी त्याला उचलला. दुपट्टा गळून पडला. त्याला मध्यरेषेवर आणून उभा केला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. चिडून नाही. नुसता बघत होता.

मालता दोरीखालून आत आली. गर्दी शिट्ट्या मारत होती. तिनं त्याच्या सदऱ्याला धरलं. “तू चित्ता होय?”

“हो.”

तिनं त्याच्या तोंडात मारली. त्या खाली उतरलेल्या कानावर मारली. शिट्ट्या बंद झाल्या. तेवढ्यात हिवराज बांबू उपसून आला. पहिला घाव पाठीवर, दुसरा खांद्यावर. यशवंतनं हात खाली सोडले होते. ह्या माणसानं सायकलीची चाकं तोडली होती, पाच जणांना ओढलं होतं, आणि तो बैलासारखा उभा होता. तिसरा घाव हिवराजनं गुडघ्यावर घातला, मग त्याच गुडघ्यावर पुन्हा, आणि पुन्हा. बांबू चिरला तरी तो थांबला नाही. कट्ट असा आवाज मला पुन्हा माईकपाशी ऐकू आला. माझ्या हातात माईक होता, ‘थांबा’ एवढा एक शब्द साऱ्या गावाला ऐकू गेला असता. तो माझ्या तोंडातून निघाला नाही.

यशवंत कोसळला. चिरलेल्या बांबूची एक कपची हिवराजच्या पंजात आरपार घुसली होती, तो ती धरून हेलपाटत होता, रक्त यशवंतच्या छातीवर पडत होतं. यशवंतनं मान वर केली आणि म्हणाला, “लागलं का?”

ते बायकांच्या बाजूला ऐकवायला म्हटलेलं नव्हतं, आणि हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर मालताला. तिनं भावाच्या हातातून बांबू घेतला, दूर फेकला आणि त्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. बैलगाडीत घालून यशवंतला दवाखान्यात नेला. पाय कायमचा ताठ झाला. मी मागून चालत होतो, कुणी मला बोलावलं नव्हतं.

सहा महिन्यांनी तिनं त्याला निरोप पाठवला, आणि लग्न विहारात झालं. हिवराज आला होता म्हणे, कोपऱ्यात उभा राहून गेला. मला निमंत्रण नव्हतं. मी माईक सोडला का? नाही सोडला. आणखी आठ वर्षं बोलत राहिलो. फक्त पुन्हा कुणा खेळाडूला टोपणनाव दिलं नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा इटियाडोहला गेलो होतो. धरणाच्या वाटेवर चहा-भज्यांचं छोटं दुकान होतं, ताडपत्रीचं. काऊंटरमागं बाकावर पाय सरळ पसरून बसलेला माणूस पोटाला पाट टेकवून कांदे चिरत होता. कान दिसला आणि माझे पाय थबकले. त्यानंही मला पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो घाईनं म्हणाला, “जय भीम गुरुजी. बसा. मालता, हे आमच्या गावचे गुरुजी. घसा बसला हाये त्यायचा, बोलता येत नाई.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या वेळी मी बैलगाडीखाली, दुसऱ्या वेळी मी मंडपात, ती दोरीपलीकडे. तिला माझा फक्त आवाज माहीत होता. तो मला वाचवत होता.

मी हात जोडले. तिनं चहा दिला, भजी दिली. तळव्यावर जुना आडवा वण होता. ती यशवंतला ‘यशवंत’ म्हणून हाक मारत होती, आमच्याकडे नवऱ्याला कुणी नावानं हाक मारत नाही. मी न बोलता चहा प्यालो. इतका वेळ मी उभ्या आयुष्यात गप्प बसलो नसेन. उठलो, पैसे द्यायला हात खिशात घातला तर तिनं मानेनं नको म्हटलं. मी वळलो तेव्हा ती भज्यांच्या कढईत झारा फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “गुरुजी, घसा बसला म्हंता ना. बसूनच राहू द्या.”

यशवंतचा सुरीचा हात थांबला. तो काठी घेऊन उठला आणि एक पाय ओढत मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. बस येईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. मी धरणाकडे बघत होतो, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. बस थांबली. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं,

“लागलं का?”

मी नुसती मान हलवली आणि बसमध्ये चढलो.